खेळाडूचा वकील : जॉन मॉन्टगोमरी वॉर्ड आणि राखीव कलम

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं मधल्या सुट्टींत आमच्या शाळेंतील एका विद्यार्थ्याचे वडील आम्हांस भेटावयास आले. ते एस. टी. मध्यें कंडक्टर आहेत. कामावरून परस्पर आले होते आणि अंगावर खाकी कपडे तसेच होते. मुलगा इयत्ता नववींत, आमच्या फुटबॉल संघांत डाव्या बगलेस खेळणारा. फुटबॉल शिकविणाऱ्या एका संस्थेनें त्याची निवड केली होती आणि सहीकरितां एक छापील कागद घरीं पाठविला होता. “सर, सगळें इंग्रजींत आहे. पोरगा म्हणतो सही करा. आपण एकदां वाचून सांगा,” एवढेंच ते म्हणाले.

कागद सहा पानांचा होता. पहिल्या चार पानांत वाईट असें कांहीं नव्हतें. पांचव्या पानावर एक कलम असें होतें कीं, पांच वर्षांची मुदत संपल्यावरहि मुलास दुसऱ्या कोणी बोलाविलें, तर प्रथम या संस्थेस कळवावें, आणि तिनें तेवढाच मोबदला देऊं केल्यास मुलानें तिच्याकडेच राहावें. मुलास करार मध्येंच सोडण्याची सोय कोठेंहि नव्हती. संस्थेस मात्र तीस दिवसांच्या सूचनेनें त्याला काढून टाकतां येत होतें. आम्ही वकील नव्हे. परंतु तें पान वाचतांच आम्हांस सव्वाशेंहून अधिक वर्षांपूर्वींच्या एका अमेरिकन खटल्याची आठवण झाली. त्या खटल्यांतील प्रतिवादी हा नांवाजलेला खेळाडू होता आणि कायद्याचा पदवीधरहि होता. त्याची हकीकत आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून ती येथें थोड्या विस्तारानें देत आहों.

जॉन मॉन्टगोमरी वॉर्ड याचा जन्म ता. ३ मार्च १८६० रोजीं अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया राज्यांत बेलफोंट या गांवीं झाला. लहानपणींच त्याचे आईबाप वारले. राज्याच्या कॉलेजांत तो कांहीं काळ होता, परंतु तेथें त्याचा टिकाव लागला नाहीं, आणि पोटासाठीं त्यानें बेसबॉलची वाट धरली. बेसबॉल हा अमेरिकेचा राष्ट्रीय खेळ समजला जातो. क्रिकेटांत गोलंदाजाचें जें स्थान तेंच या खेळांत पिचराचें. १८७८ सालीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, वॉर्ड प्रॉव्हिडन्स शहराच्या क्लबांत पिचर म्हणून दाखल झाला. दुसऱ्याच वर्षीं त्याच्या नांवावर ४७ विजय लागले आणि त्याच्या क्लबानें लीगचें अजिंक्यपद मिळविलें. ता. १७ जून १८८० रोजीं त्यानें बफेलोच्या क्लबाविरुद्ध असा एक सामना टाकला कीं, प्रतिपक्षाचे २७ गडी ओळीनें आले आणि ओळीनें परत गेले. एकालाहि पहिल्या ठाण्यावर पाऊल ठेवतां आलें नाहीं. ज्यांनीं क्रिकेटमध्यें गोलंदाजी केली आहे त्यांस या गोष्टीची किंमत सांगावयास नको.

पुढें उजवा हात दुखावला. अशा वेळीं पुष्कळांचा खेळ तेथेंच संपतो. वॉर्डनें मैदानाच्या मध्यभागीं उभें राहून डाव्या हातानें चेंडू फेकण्याचा सराव केला, आणि हात बरा झाल्यावर पिचरपण सोडून देऊन क्षेत्ररक्षक व फलंदाज म्हणून नवा जन्म घेतला. १८८३ पासून तो न्यूयॉर्कच्या क्लबांत होता. बेसबॉल हा उन्हाळ्यांतला खेळ. हिवाळ्यांत खेळाडू रिकामे असत, आणि त्या काळचे बहुतेक खेळाडू तो वेळ कसा घालवीत याचें वर्णन शाळेच्या मासिकांत न केलेलें बरें. वॉर्ड मात्र कोलंबिया विद्यापीठाच्या कायद्याच्या वर्गांत जाऊन बसे. १८८५ सालीं त्यानें कायद्याची पदवी मिळविली.

आतां ज्या गोष्टीवर त्याची सर्व लढाई झाली ती समजून घेतली पाहिजे. १८७९ सालीं लीगच्या क्लबमालकांनीं आपसांत असें ठरविलें कीं, प्रत्येक क्लबानें आपले पांच खेळाडू पुढील वर्षाकरितां ‘राखून’ ठेवावे, आणि राखलेल्या खेळाडूशीं दुसऱ्या कोणत्याहि क्लबानें बोलणेंसुद्धां करूं नये. प्रथम खेळाडूंस हा मान वाटला. पुढल्या वर्षाची भाकरी निश्चित झाली असें ते समजले. परंतु राखीव खेळाडूंचा आंकडा हळूहळू वाढत गेला, आणि १८८७ पर्यंत तो प्रत्येक क्लबास चौदा एवढा झाला, म्हणजे जवळजवळ सबंध संघच. राखलेल्या खेळाडूस पुढील वर्षीं पुन्हां त्याच क्लबाशीं करार करावा लागे. त्या करारांत पुन्हां राखण्याचें कलम असेच. आणि ही सांखळी तो म्हातारा होईपर्यंत किंवा क्लबास नकोसा होईपर्यंत चाले. क्लबास तो नकोसा झाला तर मात्र दहा दिवसांची सूचना पुरत असे.

मालकांचें म्हणणें अगदींच पोकळ होतें असें आम्ही म्हणणार नाहीं. ते म्हणत, खेळाडूंस दरवर्षीं मोकळें सोडलें तर श्रीमंत शहरांचे क्लब सर्व चांगले खेळाडू ओढून नेतील, लहान शहरांचे क्लब बुडतील, आणि सामन्यांत चुरसच उरणार नाहीं. बेसबॉलचा धंदा सुरुवातीच्या दिवसांत डळमळीत होता ही गोष्ट वॉर्डनेंहि मान्य केली होती. त्याचा आक्षेप असा कीं, धंदा सावरण्यासाठीं काढलेली युक्ति आतां माणसें विकण्याचें साधन झाली आहे. १८८५ च्या आक्टोबरांत न्यूयॉर्क क्लबाच्या खेळाडूंनीं एक संघटना स्थापन केली, तिचें नांव ‘ब्रदरहुड’, म्हणजे बंधुसंघ, आणि तिचा अध्यक्ष वॉर्ड. त्याच सुमारास मालकांनीं कोणत्याहि खेळाडूस वर्षास दोन हजार डॉलरांहून अधिक पगार द्यावयाचा नाहीं असा ठराव केला.

या ठरावाचें काय झालें तें पाहण्यासारखें आहे. १८८७ च्या आरंभीं शिकागोच्या क्लबानें माइक केली नांवाचा लोकप्रिय खेळाडू बोस्टनच्या क्लबास दहा हजार डॉलरांस विकला. दहा हजार शिकागोच्या मालकाच्या पेटींत गेले. केलीचें वेतन ठरावाप्रमाणें दोन हजारच. परंतु त्याचें चित्र वापरण्याच्या परवानगीबद्दल बोस्टननें त्यास आणखी तीन हजार दिले! मालकांनीं केलेला नियम मालकांनींच असा वांकविला. खेळाडूच्या चेहऱ्यासहि स्वतंत्र किंमत असते, आणि ती वेगळ्या कराराचा विषय होऊं शकते, हें आज जाहिरातींच्या काळांत सर्वांस माहीत आहे; तेव्हां तें पगाराच्या मर्यादेंतून निसटण्याची पळवाट म्हणून वापरलें गेलें.

त्याच वर्षीं आगस्ट महिन्यांत वॉर्डनें ‘लिपिनकॉट’ मासिकांत एक लेख लिहिला. त्याच्या मथळ्यांत त्यानें विचारलें होतें कीं, बेसबॉलचा खेळाडू हा जंगम मालमत्ता आहे काय? ‘जंगम मालमत्ता’ हा कायद्याचा शब्द आहे. गाईगुरें, खाटपाट, भांडींकुंडीं यांस तो लावितात. अमेरिकेंत गुलामगिरी १८६५ सालीं बंद झाली होती, म्हणजे त्या लेखापूर्वीं अवघीं बावीस वर्षें. पळून गेलेल्या गुलामास कोणीं आश्रय देऊं नये व त्यास पकडून धन्याकडे पोंचवावें, असा कायदा त्या देशांत होता, आणि तो आठवणारे लोक अद्यापि हयात होते. राखण्याच्या कलमाची तुलना वॉर्डनें त्या कायद्याशीं केली. ही तुलना फार कडक होती. वर्षास हजार-दोन हजार डॉलर मिळविणाऱ्या माणसाची आणि चाबकाखालीं राबणाऱ्या गुलामाची अवस्था एक नव्हे, हें आम्हांस स्पष्टपणें सांगितलें पाहिजे. परंतु ज्या एका बाबतींत त्यानें साम्य दाखविलें, म्हणजे दुसऱ्या धन्याकडे जाण्याची वाट सर्व बाजूंनीं बंद असणें, त्या बाबतींत त्याचें म्हणणें खोडून काढणें कठीण होतें.

१८८८ च्या हिवाळ्यांत स्पॉल्डिंग या क्लबमालकानें खेळाडूंचे दोन संघ घेऊन पृथ्वीप्रदक्षिणा केली. हवाई बेटें, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, कोलंबो, इजिप्त असा तो प्रवास होता. आमच्या देशाच्या अगदीं जवळून ही मंडळी गेली. वॉर्ड त्यांतील एका संघाचा कप्तान होता. तो असा समुद्रावर असतांना इकडे मालकांनीं नवा ठराव पास केला. इंडियानापोलिसच्या ब्रश नांवाच्या मालकाची ती कल्पना होती. खेळाडूंचे पांच वर्ग करावयाचे. पहिल्या वर्गास अडीच हजार डॉलर, शेवटच्या वर्गास दीड हजार. आणि वर्ग ठरवितांना खेळाबरोबर खेळाडूच्या संवयी व वर्तन यांचाहि विचार करावयाचा. गुण देणारे मालकच. शाळेंतल्या मुलांस हें ऐकून हंसूं येईल, परंतु निदान त्यांच्या गुणांवर त्यांचें जेवण अवलंबून नसतें.

परत आल्यावर बंधुसंघानें मालकांशीं बोलणें करण्याचा प्रयत्न केला. तो फसला, आणि १८८९ च्या नोव्हेंबरांत खेळाडूंनीं स्वतःची लीग जाहीर केली. आठ शहरांत आठ क्लब. भांडवल धनिकांचें, परंतु कारभारांत खेळाडूंचाहि हात. राखण्याचें कलम नाहीं. जुन्या लीगचे बहुतेक नामांकित खेळाडू तिकडे गेले. तेव्हां न्यूयॉर्क क्लबाची मालक असलेली कंपनी कोर्टांत गेली, आणि वॉर्डनें १८९० सालीं दुसरीकडे खेळूं नये असा मनाई हुकूम तिनें मागितला.

येथें विद्यार्थ्यांनीं जरा लक्ष द्यावें, कारण गोष्टीचें मर्म येथें आहे. कंपनीचा आधार १८५२ च्या एका इंग्रजी निकालावर होता. योहाना वाग्नर नांवाच्या गायिकेनें लंडनच्या एका नाटकगृहाशीं तीन महिन्यांचा करार केला होता, आणि तेवढ्या काळांत दुसरीकडे गाणार नाहीं असें लिहून दिलें होतें. पुढें दुसऱ्या नाटकगृहानें अधिक पैसे देऊं केले, तेव्हां ती तिकडे निघाली. कोर्टानें सांगितलें, तिला बळेंच गावयास लावणें आमच्या हातीं नाहीं. परंतु ‘दुसरीकडे गाणार नाहीं’ हें जें तिनें कबूल केलें आहे तें पाळावयास आम्ही लावूं शकतों. हें तत्त्व आमच्या देशाच्या कायद्यांतहि आलें आहे; १८७७ च्या विशिष्ट साहाय्याच्या कायद्यांत एका गाणाऱ्याचेंच उदाहरण दिलेलें होतें, आणि १९६३ च्या नव्या कायद्यांत ते तत्त्व ४२ व्या कलमांत आहे. न्यूयॉर्कच्या कंपनीचें म्हणणें असें कीं, जो न्याय गायिकेस तोच खेळाडूस.

ता. २८ जानेवारी १८९० रोजीं न्यायमूर्ति मॉर्गन ओब्रायन यांनीं निकाल दिला. (ते न्यूयॉर्क राज्याच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश होते, त्या राज्यांत या नांवाचें कोर्ट हें सर्वांत वरचें नसून प्रथम खटला चालविणारें असतें. नांवावरून फसूं नये.) त्यांनीं विचारलेला प्रश्न साधा होता. वॉर्डला १८९० करितां राखलें आहे म्हणतां. तर मग १८९० च्या कराराच्या अटी कोणत्या? पगार किती? त्या ठरलेल्याच नसतील तर जो करार अद्यापि व्हावयाचा आहे तो पाळावयास कोर्ट कसें लावील? बरें, जुन्याच अटी लागू आहेत असें म्हणाल, तर त्या अटींत राखण्याचें कलमहि आलें, आणि दहा दिवसांच्या सूचनेचें कलमहि आलें. म्हणजे एक पक्ष वर्षानुवर्षें बांधलेला, आणि दुसरा पक्ष दहा दिवसांपुरता! असा करार कोर्टाच्या हुकुमानें अंमलांत आणावयास योग्य नाहीं, असें न्यायमूर्तींनीं ठरविलें आणि मनाई हुकूम नाकारला. गायिकेनें जें लिहून दिलें होतें तें स्पष्ट होतें, आणि त्यास मुदत होती. खेळाडूचें बंधन अस्पष्ट होतें आणि त्यास अंत नव्हता. हा भेद ज्यास नीट कळला त्यास करारकायद्याचा पहिला धडा आला असें समजावें.

खटला जिंकला, लीग मात्र एकाच वर्षांत बुडाली. १८९० च्या उन्हाळ्यांत एकाच शहरांत दोन-दोन क्लब समोरासमोर खेळले, प्रेक्षक वांटले गेले, आणि दोन्ही बाजूंस नुकसान आलें. शरदृतूंत तडजोडीच्या बैठकी झाल्या, त्यांत खेळाडूंच्या प्रतिनिधींस बसूं देण्यांत आलें नाहीं. भांडवलवाल्यांनीं आपापला सौदा करून घेतला. वॉर्डची चूक कोठें झाली, असें आम्हांस विचाराल तर ती येथें झाली. मालक आणि खेळाडू यांचा करार त्यानें बारकाईनें तपासला होता; भांडवलदार आणि खेळाडू यांच्यामधील कराराकडे मात्र त्यानें तितक्या संशयानें पाहिलें नाहीं. पुढील वर्षापासून पुष्कळ खेळाडू जुन्या लीगमध्यें परतले, आणि राखण्याचें कलम होतें तसें राहिलें.

वॉर्ड १८९४ पर्यंत खेळला, मग न्यूयॉर्कमध्यें वकिली करूं लागला. क्लबाशीं तंटा झालेले खेळाडू त्याच्याकडे येत. १९०९ सालीं नॅशनल लीगच्या अध्यक्षपदासाठीं त्याचें नांव पुढें आलें असतां, त्यानें पूर्वीं एका खेळाडूस दिलेल्या कायदेशीर सल्ल्याचें निमित्त करून दुसऱ्या लीगच्या अध्यक्षानें त्यास कडाडून विरोध केला. वॉर्डनें त्याच्यावर अब्रुनुकसानीची फिर्याद केली व ती जिंकली. १९११-१२ मध्यें तो स्वतः बोस्टनच्या क्लबाचा भागीदार व अध्यक्ष झाला. त्या क्लबाच्या करारांतहि राखण्याचें कलम होतेंच. खुर्ची बदलली म्हणजे दृष्टि किती बदलते, याविषयीं वाचकांनींच काय तें ठरवावें. ता. ४ मार्च १९२५ रोजीं, पासष्टावा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्या दिवशीं, तो वारला. बेसबॉलच्या कीर्तिमंदिरांत त्याचें नांव १९६४ सालीं घालण्यांत आलें.

त्याचा प्रश्न मात्र त्याच्याबरोबर गेला नाहीं. १९२२ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें असा निकाल दिला कीं, बेसबॉलचे सामने हा राज्याराज्यांमधील व्यापार नव्हे, म्हणून मक्तेदारीविरुद्धचा कायदा त्यास लागू होत नाहीं. हा निकाल पुढें अनेकांस विचित्र वाटला, तरी तो टिकून राहिला. १९६९ सालीं सेंट लुइसच्या क्लबानें कर्ट फ्लड या खेळाडूस न विचारतां फिलाडेल्फियाच्या क्लबाकडे देऊन टाकलें. फ्लड हा कृष्णवर्णीय खेळाडू. ‘आपण विकत घेण्याविकण्याची वस्तु नव्हे’ या अर्थाचें पत्र त्यानें लीगच्या आयुक्तास लिहिलें आणि दावा लावला. त्याच्या बाजूनें आर्थर गोल्डबर्ग उभे राहिले. ते पूर्वीं त्याच सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते. १९७२ सालीं पांच विरुद्ध तीन मतांनीं फ्लड हरला. खेळाचीं त्याचीं उत्तम वर्षें त्यांत गेलीं.

त्यानंतर तीनच वर्षांनीं कोंडी फुटली, आणि ती कोर्टांत फुटली नाहीं. खेळाडूंच्या संघटनेनें तोंपर्यंत मालकांशीं केलेल्या सामुदायिक करारांत, तंटे त्रयस्थ लवादापुढें न्यावे असें कलम घालून घेतलें होतें. अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन पिचरांनीं १९७५ सालीं नव्या करारावर सही केली नाहीं. जुन्या करारांत असें होतें कीं, खेळाडूनें सही न केल्यास क्लबानें त्याच अटींवर करार एक वर्षासाठीं वाढवावा. संघटनेचे वकील रिचर्ड मॉस यांनीं युक्तिवाद केला कीं, एक वर्ष म्हणजे एक वर्ष. वाढविलेल्या करारांत वाढविण्याचें कलम पुन्हां जन्मास येत नाहीं. ता. २३ डिसेंबर १९७५ रोजीं पीटर सीट्झ या लवादानें तें म्हणणें मान्य केलें. ‘त्याच अटी’ यांत तें कलम स्वतःच येतें कीं नाहीं, हाच प्रश्न ओब्रायन यांनीं १८९० मध्यें विचारला होता. पंचाऐशीं वर्षांनीं, एका शब्दाच्या अर्थावर, खेळाडू मोकळे झाले.

आमच्या देशांत १८९० सालीं खेळ हा पोट भरण्याचा धंदा नव्हता. पैलवानांस संस्थानिकांचा आश्रय असे तेवढाच. आज तशी स्थिति नाहीं. क्रिकेटची आय. पी. एल. २००८ सालीं सुरू झाली, कबड्डीची व फुटबॉलची मोठी लीग २०१४ सालीं. कबड्डीसारखा आमच्या मातींतला खेळहि लिलावांत आला. जेथें लिलाव आला तेथें करार आला, आणि करार आला तेथें वकील आला.

या बाबतींतला एक महत्त्वाचा तंटा तर आमच्या महाराष्ट्रांतल्याच खेळाडूचा आहे. श्रीरामपूरचा जहीर खान यानें २००० सालीं पर्सेप्ट डी’मार्क या कंपनीशीं तीन वर्षांचा करार केला. जाहिरातींचीं कामें त्यास मिळवून देणें हें कंपनीचें काम. करारांत एक कलम असें होतें कीं, मुदत संपल्यावर दुसऱ्या कोणीं तसें काम देऊं केलें, तर जहीरनें तें पर्सेप्टला कळवावें, आणि पर्सेप्टनें बरोबरी केल्यास तिच्याकडेच राहावें. मुदत संपल्यावर २००३ सालीं जहीर दुसऱ्या कंपनीकडे गेला. मुंबईच्या उच्च न्यायालयांत एकट्या न्यायाधीशांनीं प्रथम पर्सेप्टच्या बाजूनें मनाई हुकूम दिला. दोन न्यायाधीशांनीं अपिलांत तो रद्द केला. आणि २००६ च्या मार्चमध्यें सर्वोच्च न्यायालयानें अपिलाचा निकाल कायम ठेवला. कारण १८७२ च्या आपल्या करारकायद्याचें २७ वें कलम. कायदेशीर धंदा करण्यास ज्या करारानें अडथळा येतो तो करार तेवढ्यापुरता रद्दबातल, असें तें कलम सांगतें. करार चालू असतांना घातलेलें बंधन निराळें आणि करार संपल्यावरहि मानेवर राहणारें बंधन निराळें, हा भेद न्यायालयानें कायम राखला. पांचव्या पानावरील कलम वाचून आम्हीं दचकलों याचें कारण वाचकांच्या आतां ध्यानांत आलें असेल.

ज्या विद्यार्थ्यांस या धंद्याची ओढ वाटत असेल त्यांनीं एवढें लक्षांत ठेवावें कीं, ‘खेळाचा वकील’ अशी निराळी सनद कोठेंहि मिळत नाहीं. बारावीनंतर पांच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यास, मग १९६१ च्या अधिवक्ता कायद्याप्रमाणें नोंदणी, मग अखिल भारतीय वकिली परीक्षा. वाट सर्वांची तीच. मुंबईचें सरकारी लॉ कॉलेज, पुण्याचें आय. एल. एस., आणि मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचें औरंगाबाद) येथें अलीकडे निघालेलीं राष्ट्रीय विधि विद्यापीठें आपल्या राज्यांतच आहेत. पुढें कोणी खेळाडूंचे करार तपासतो, कोणी क्लबाचे लिहितो, कोणी सामने दाखविण्याच्या हक्कांचे सौदे पाहतो, कोणी उत्तेजक औषधांच्या आरोपांत खेळाडूचा बचाव करतो. मोठे तंटे स्वित्झर्लंडमधील लोझान येथें १९८४ सालीं स्थापन झालेल्या क्रीडा लवाद न्यायालयापुढें जातात. नागपूरचे वकील शशांक मनोहर हे भारतीय क्रिकेट मंडळाचे दोनदां अध्यक्ष झाले आणि २०१६ ते २०२० पर्यंत आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या प्रमुखपदीं होते.

परंतु एक अडचण अगोदरच सांगून ठेवणें बरें. अमेरिकेंत मार्क मॅककॉर्मक नांवाच्या वकिलानें १९६० च्या सुमारास आर्नल्ड पामर या गोल्फपटूचा कारभार हातीं घेतला, आणि त्यांतून खेळाडूंचे सौदे जुळविणारी प्रचंड कंपनी उभी केली. आपल्याकडे सनदी वकिलास स्वतः धंदा चालविण्याची मनाई आहे, आणि निकालावर किंवा मिळकतीच्या हिश्शावर फी ठरविण्याचीहि मनाई आहे. म्हणून खेळाडूचा दलाल व्हावयाचें कीं वकील, हें आमच्या तरुणांस निवडावें लागतें. आम्हांस ही बंदी योग्य वाटते. अशिलाच्या कमाईंत ज्याचा हिस्सा आहे, तो अशिलास ‘ही सही करूं नकोस’ असें मोकळेपणानें कसा सांगेल?

पालकांकरितां आणखी एक गोष्ट. अठरा वर्षांखालील मुलानें केलेला करार आपल्या कायद्यानें मुळांतच निरर्थक असतो; प्रिव्ही कौन्सिलनें १९०३ सालीं मोहरीबीबीच्या खटल्यांत तें कायमचें ठरविलें. ‘मग बापानें सही केली म्हणजे झालें,’ असें पुष्कळांस वाटतें. मुंबईच्या उच्च न्यायालयापुढें राजराणी नांवाच्या बालनटीचा दावा आला होता. १९४९ च्या निकालसंग्रहांत तो छापलेला आहे. मुलीनें चित्रपटांत काम करावें असा करार तिच्या वडिलांनीं केला होता, आणि निर्मात्यानें तो मोडल्यावर तिनें नुकसानभरपाई मागितली. न्यायालयानें ती दिली नाहीं. मुलीच्या सेवेबद्दलचा असा करार टिकत नाहीं असें ठरलें. म्हणजे अशा कागदावर विसंबून मुलानें शाळा सोडली, तर उद्यां तोच कागद त्याच्या उपयोगीं पडेलच असें नाहीं. वडिलांनीं आपल्या स्वतःवर पैसे भरण्याची कांहीं जोखीम घेतली असेल, तर तिचा प्रश्न आणखी निराळा. यासाठींच कागद जाणत्यास दाखवावा.

त्या गृहस्थांस आम्हीं तेंच सांगितलें. “वकील म्हणजे पैसे लागणार,” असें ते म्हणाले, आणि कागद घडी करून पिशवींत ठेवूं लागले. आमच्या ओळखीचे एक वकील जिल्हा न्यायालयांत काम करितात. त्यांच्याकडे चिठ्ठी दिली. त्यांनीं फी घेतली, परंतु थोडी घेतली. संस्थेस त्यांनीं एक पत्र लिहिलें. पंधरा दिवसांनीं उत्तर आलें, तें आमच्या अपेक्षेपेक्षां सभ्य होतें. पांचव्या पानावरील कलम संस्थेनें गाळलें. तीस दिवसांच्या सूचनेचें कलम काढण्यास नकार दिला, परंतु तें दोन्ही पक्षांस सारखेंच लागू केलें. मुदत पांचांवरून दोन वर्षांवर आली. वडिलांनीं मग सही केली.

मुलगा आतां शनिवार-रविवार तेथें सरावास जातो आणि सोमवारीं पहिल्या तासास पेंगतो. वॉर्डची गोष्ट आम्हीं त्याच्या वर्गांत सांगितली, तेव्हां त्यानें हात वर करून विचारलें, “सर, वॉर्डनें परीक्षेचा अभ्यास केला तरी केव्हां?”

“हिवाळ्यांत,” आम्हीं म्हटलें. “हिवाळ्यांत बेसबॉल खेळत नसत.”

“आमचा फुटबॉल तर बारा महिने चालतो,” तो म्हणाला, आणि तेवढ्यांत घंटा झाली.